सेन्सर वाजला, पण उठलं कोण?

मागच्या अंकात मी बाथरूममध्ये पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि वृद्धाश्रमात सेन्सर लावायचे असतील तर विचारा, असं शेवटी सहज टाकलं. तर बाप्पा, पत्रांचा ढीग आला. मी आयुष्यभर दवाखान्यातल्या मशिनी दुरुस्त केल्या, आता रिटायर होऊन रविवारी नागपुरातल्या दोन-तीन वृद्धाश्रमांत चक्कर मारतो, तिथली घंटी-बल्ब-इन्व्हर्टर पाहतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, ज्या पत्रांत बाकीच्यांच्याही कामाचं काही आहे ती घेतलीयत. नावं छापली नाहीत, मुद्दामच.

प्रश्न : हिंगणा रोडवर आमचा छोटा वृद्धाश्रम आहे, २२ जण, दोन मजले, रात्री एक मावशी आणि एक वॉचमन. एक सज्जन दीड लाख रुपये द्यायला तयार आहेत, फक्त ‘सेफ्टीवर खर्च करा’ म्हणतात. कंपनीचा माणूस येऊन गेला, तो म्हणतो गादीखाली मॅट, छतावर रडार, हातात घड्याळ, दारावर मॅग्नेट, सगळंच घ्या, पॅकेज आहे. आधी काय घ्यावं?

भाऊ, आधी अभिनंदन. देणारे लोक सहसा पंखा देतात आणि त्याच्या पात्यावर नाव टाकून घेतात, सेन्सरवर नाव टाकायला जागाच नसते, तरी तुमचे सज्जन देऊन राहिले म्हणजे माणूस खरंच चांगला आहे.

कंपनीवाल्याला पंधरा दिवसांनी या म्हणा, आणि त्याआधी एक काम करा. रात्री तीन वाजता, कोणाला न सांगता, वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात शेवटच्या खोलीतून घंटी वाजवा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू करा. मावशी त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहीपर्यंत किती वेळ गेला ते वहीत लिहा. मी हे चार ठिकाणी करून पाहिलंय. एका ठिकाणी ११ मिनिटं लागली, कारण जिन्याच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन गेटबाहेर चहाच्या टपरीवर. आता सांगा, सेन्सर एका सेकंदात वाजला काय नि दहा सेकंदांत वाजला काय, त्या ११ मिनिटांत काय फरक पडणार होता? तिथे दीड लाखाची नाही, एका जास्तीच्या किल्लीची गरज होती, सीताबर्डीला पन्नास रुपयांत बनवून मिळाली.

दुसरी गोष्ट, पडणं टळणं वेगळं आणि पडल्यावर लवकर कळणं वेगळं. विकणारा दोन्हीला ‘सेफ्टी’च म्हणतो पण बहुतेक सेन्सर दुसरं काम करतात. ते काम फालतू आहे असं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडून मरतात आणि त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त. आणि पडलेला माणूस तासाभरापेक्षा जास्त वेळ फरशीवर तसाच राहिला तर हाड मोडलं नसलं तरी हाल होतात, दबलेले स्नायू आतून खराब होतात, त्याचा ताण किडनीवर येतो, अंगातलं पाणी कमी होतं, कमरेला जखमा होतात. रात्री दोनला पडलेल्या आजी सकाळी सहाला चहा देताना सापडल्या, हे ऐकलंय ना आपण सगळ्यांनी, ते चार तास वाचवायचे असतात.

पण पहिला खर्च पडणं टाळण्यावर करा. कॉटपासून संडासापर्यंतच्या वाटेवर, पाय खाली टाकला की आपोआप लागणारे छोटे दिवे येतात, काही शे रुपयांना मिळतात, भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला लावा, डोळ्यावर उजेड येत नाही आणि फरशी दिसते. हा पण सेन्सरच आहे बरं का, फक्त स्वस्त असल्यामुळे कंपनीवाला त्याचं नाव घेत नाही. मग संडासात दांड्या. मग घंटीची दोरी. ही दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबकळू द्या, कारण खाली पडलेला माणूस चार फुटांवरचं बटण दाबू शकत नाही, आणि ती गुंडाळून खुंटीला अडकवू नका, दोरी ओली होते म्हणून झाडू मारणारी बाई ती हमखास अडकवते, मी दर रविवारी सोडतो आणि पुढच्या रविवारी वापस खुंटीवरच असते.

एवढं झाल्यावर मॅट. ती २२ जणांना नको. गेल्या सहा महिन्यांत एकदा तरी पडलेले, झोपेची गोळी घेणारे, उठून उभं राहिलं की बीपी उतरून चक्कर येणारे, आणि विसरभोळेपणामुळे ‘घंटी वाजवा’ हे लक्षात न राहणारे, असे मोजले तर तुमच्याकडे पाच-सहा निघतील, त्यांनाच द्या. मॅटचं काम साधं आहे, अंगाचा भार गेला की आतला संपर्क तुटतो आणि घंटी वाजते. लोचा आपल्या गादीत आहे. ह्या मॅटी पातळ फोमसाठी बनवलेल्या असतात, आपल्याकडे चार इंची कापसाची गादी, त्यात मधे खड्डा पडलेला, मॅट खाली टाकली तर भार तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून गादीच्या वर आणि चादरीच्या खाली, कमरेच्या जागी. त्यावर रेक्झिन टाका नाहीतर ओलीने खराब होईल. आणि मॅट कायमची नसते, ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते, ते ऑर्डरवर लिहून घ्या.

आणखी एक, कंपनीचा पोट्टा डेमो देताना गादीवर स्वतः धपकन पडून दाखवतो आणि घड्याळ लगेच वाजतं, सगळे टाळ्या वाजवतात. म्हातारी माणसं धपकन पडत नाहीत हो! माझी काकू कॉटची कड धरून हळूहळू घसरत खाली बसली आणि मग आडवी झाली, हातात पडणं ओळखणारं घड्याळ होतं, त्याच्या हिशेबाने काकू आराम करत होती. घड्याळातला सेन्सर झटका शोधतो, घसरण्यात झटका नसतो. म्हणून डेमो मागाल तर असा मागा, कॉटवरून घसरून दाखव, खुर्चीतून पुढे झुकून गुडघ्यावर ये, कमोडवरून बाजूला कलंडून दाखव. तिथे अर्ध्या डेमोची हवा निघते.

शेवटचं विचारायचं ते हे, की इंटरनेट गेलं तर घंटी वाजते का. पुष्कळ सिस्टिममध्ये सेन्सरचा सिग्नल आधी कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जातो आणि मग तुमच्या मोबाईलवर येतो. मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटलं, झाडाची फांदी तारेवर पडली, लाइट गेली की राउटर बंद, आणि त्याच अंधारात कोणीतरी संडासला उठणार. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, ते तर कराच, पण घंटी त्याच बिल्डिंगच्या आत, तारेने किंवा रेडिओने, इंटरनेटशिवाय वाजली पाहिजे. नाही म्हणाला तर पॅकेज वापस.

प्रश्न : मानेवाड्याला सासूबाई ज्या होममध्ये आहेत तिथे खोलीत हालचाल ओळखणारे सेन्सर डिसेंबरमध्ये बसवले. हिवाळाभर मस्त चालले. एप्रिलपासून दुपारी ‘खोलीत कोणी नाही’ असं दाखवतात आणि सासूबाई तर तिथेच बसून असतात. कंपनी म्हणते सेटिंग बरोबर आहे. मग चुकतं काय?

ताई, सेटिंग बरोबरच असेल. चुकतोय तो महिना.

हे जे पांढरे अर्धगोल डब्बे असतात ना भिंतीच्या कोपऱ्यात, त्यांना पीआयआर म्हणतात. ते हालचाल ‘पाहत’ नाहीत, ते उष्णता पाहतात. माणसाच्या कातडीची, कपड्यांची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांत फरक असतो, माणूस हलला की तो फरक सरकतो आणि सेन्सरला कळतं. डिसेंबरात भिंत १८-२० अंशांची आणि माणूस बत्तीस-चौतीसचा, म्हणजे अंधारात कंदील फिरल्यासारखं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५, पश्चिमेची भिंत दुपारी चारला हात लावला तर चटका बसतो, आणि कूलर बंद असेल तर खोलीच ३६-३७ वर. आता भिंत पण ३५ आणि सासूबाई पण ३५. कंदील कुठे दिसणार? त्यात दुपारच्या वेळी त्या हलत पण कमी असतील, कोण हलतं हो त्या उन्हाळ्यात.

चांगल्या सेन्सरमध्ये तापमानाप्रमाणे आपली संवेदना वाढवायची सोय असते, तेवढी आहे का विचारा, पण फरकच शून्यावर आला तर ती पण काय करणार. उपाय दोन. सेन्सर पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून असेल तर तो फिरवून सावलीतल्या भिंतीकडे करा, किंवा त्या खोलीपुरता रडारचा सेन्सर घ्या, त्याला उष्णतेशी घेणंदेणं नाही. आणि ज्यांनी अजून घेतलं नाही त्यांनी नागपुरात असली कुठलीही वस्तू मे महिन्यात दुपारी चार वाजता तपासल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

बरं, त्याच खोलीत शे-पाचशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ टांगा. मला विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात उपयोगी सेन्सर तोच, आणि त्याला कोणी सेन्सर म्हणतच नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, गरम होतंय हे उशिरा कळतं, काहीजण तर मेमध्ये स्वेटर घालून बसतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते खोली दिवसा ३२ च्या खाली आणि रात्री २४ च्या खाली ठेवा. रात्री २४, मे महिन्यात, नागपुरात! हसू नका, ३२ चं तरी बघा. तीच संघटना हेही सांगते की ४० च्या वर पंखा थंड करत नाही, गरम हवा अंगावर मारून अजून तापवतो. आणि आर्द्रतेचा आकडा जूनमध्ये बघायचा असतो, पहिला पाऊस पडला की हवा ओली होते आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो, त्या आठवड्यात लोक कूलर चालू आहे म्हणून निश्चिंत असतात आणि आजी घामाघूम.

प्रश्न : आम्ही रडारवालं घेतलं, महाग होतं. आता आजी पोथी वाचायला खाली बसल्या की ‘पडल्या, पडल्या’ म्हणून वाजतं. दुपारी त्या गार फरशीवर आडव्या होतात तेव्हा तर विचारूच नका.

हाहा, मला हे पत्र सगळ्यात आवडलं. रडार बनवणाऱ्याच्या देशात म्हातारी माणसं जमिनीवर बसत नाहीत, म्हणून त्याच्या हिशेबात जमिनीवरचा माणूस म्हणजे पडलेला माणूस. आपल्याकडे आजी भाजी निवडते जमिनीवर, जपमाळ जमिनीवर, आणि उन्हाळ्यात चटई पण नको म्हणून फरशीवर पाठ टेकते.

रडार रेडिओच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून अंग किती उंचीवर आहे, किती झटकन खाली आलं, आणि खाली आल्यावर किती वेळ राहिलं ते ताडतं, श्वासाची हालचालसुद्धा त्याला कळते. फोटो निघत नाही, म्हणून बाथरूमसाठी ते कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बरं. सेटिंगमध्ये खोलीचे भाग पाडता येतात. आजी जिथे बसतात तो पाटाचा कोपरा आणि दुपारची आडवं व्हायची जागा ‘इथे वाजू नको’ म्हणून टाका आणि कॉटच्या बाजूची पट्टी, दाराची जागा आणि बाथरूम तेवढं चालू ठेवा. कंपनीच्या माणसाला म्हणा आजींसोबत एक दुपार बसून सेटिंग कर, ऑफिसात बसून नको.

आणि कूलरसमोरचा पडदा बांधा, तो फडफडला की रडारला वाटतं कोणीतरी नाचून राहिलं. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडचा माणूस पण त्याला दिसू शकतो, तेव्हा शेजारच्या खोलीतले आजोबा उठले की तुमच्याकडे वाजतंय का तेही एकदा पाहून घ्या.

प्रश्न : सर मी रातपाळी करते. हे पत्र माझ्या पोरीनं टाइप करून देल्लं. आमच्याकडे सगळ्या कॉटले मशीन लावली. ते रातभर वाजत रायते. कोणी कूस बदलली का वाजली, कोणी पाणी प्यायले उठलं का वाजली. मले दोन मजले पाहा लागते. मॅडम म्हणते तू सेल काहून काढला. सेल नाही काढला त मी पागल होऊन जाईन. माझी चूक आहे का सांगा.

मावशी, चूक तुमची नाही. सेल काढणं बरोबर नाही, ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर पत्र लिहिलं, पण जिने सेल काढायची पाळी आणली ती व्यवस्था आधी चुकली. दवाखान्यात आयसीयूमध्ये पण हेच होतं, शिकलेल्या सिस्टर पण हेच करतात, मशीन इतकी वेळा उगाच वाजते की कान ऐकायचं सोडून देतात. मग खरी वाजते तेव्हा पण कान तसेच. मी स्वतः पाहिलंय, डोक्यावर टूं टूं चालू आहे आणि चार माणसं त्याच्याखाली शांतपणे गप्पा मारून राहिली.

हे मी तुमच्या मॅडमसाठी लिहितो, त्यांना हा अंक दाखवा, मी सांगितलं म्हणा. मॅडम, पंधरा दिवस एक वही ठेवा. प्रत्येक वेळी घंटी वाजली की वेळ, खोली, आणि खरी की खोटी, एवढंच. मावशीला लिहायला जड जात असेल तर खरी असेल तर टिक, खोटी असेल तर फुली अशी खूण करू द्या. पंधरा दिवसांनी दिसेल की निम्म्याहून जास्त फुल्या दोन-तीनच कॉटवरून येतात, कुठे मॅट सरकलेली, कुठे माणूस हलका आहे, कुठे त्या माणसाला मॅटची गरजच नाही. त्या मॅटी काढा. घंटी वाजायच्या आधी काही सेकंद थांबायची सोय बहुतेक मशिनींत असते, कूस बदलणाऱ्याला ती द्या, पण जो माणूस उठता क्षणी पडतो त्याला देऊ नका. बाथरूमच्या दोरीचा आवाज वेगळा ठेवा, ती वाजली की सगळं टाकून पळायचं.

आणि घंटी खोलीत वाजायला नको, मावशीजवळ वाजायला हवी. खोलीत वाजली की उठणारे आजोबा दचकतात आणि दचकूनच पडतात, शिवाय बाजूचे तीन जागे होतात. मावशीच्या कमरेला थरथरणारा छोटा पेजर मिळतो. त्या एकट्या दोन मजले बघतात हे मी वर पहिल्या प्रश्नात पण वाचलं आणि इथे पण वाचतोय, मशिनीचे पैसे निघतात पण दुसऱ्या मावशीचा पगार निघत नाही, ह्यावर मी काय बोलू. निदान कॉटा तरी हलवा, ज्या पाच-सहा जणांना धोका आहे त्यांना मावशीच्या खोलीच्या बाजूला आणा. फुकटात होतं.

प्रश्न : मी पुण्यात असतो, आई नागपूरला वृद्धाश्रमात आहे. तिच्या खोलीत मी स्वतःच्या खर्चाने कॅमेरा लावायला तयार आहे, मोबाईलवर बघता येईल, पण आश्रमवाले नाही म्हणतात. त्यांना काय लपवायचंय?

प्रश्न : माझं वय ७९, रेल्वेतून रिटायर झालो. लेकीने हातात घड्याळ बांधलं. काल फोनवर म्हणाली, बाबा रात्री चार वेळा उठलात का? मी संडासला किती वेळा जातो हे बंगळुरूला माहीत, मला हे बरं वाटत नाही. काढून टाकू का?

ही दोन पत्रं वेगवेगळ्या घरांतली आहेत पण मी मुद्दाम एकाखाली एक ठेवली. पुण्याच्या भाऊंनी आधी खालचं वाचावं.

भाऊ, लपवायचं असेलही काही, पण बहुतेक वेळा नसतं. खोलीत आई एकटी आहे का? दुसरी बाई राहते तिला विचारलं का? कपडे बदलणं, स्पंजिंग, डायपर, हे सगळं त्याच खोलीत होतं आणि तुमच्या मोबाईलवर दिसणार, तुम्ही मुलगा असलात तरी आईला ते चालेल का हे आईलाच विचारावं लागेल. कॅमेरा पाहिजेच असेल तर कॉरिडॉर, जिना, गेट, स्वयंपाकघर इथे असावा, तिथे मी पण आग्रह धरीन. खोलीत नाही, बाथरूममध्ये तर नाहीच नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही पुण्यात बसून आई पडलेली पाहिली तरी तुम्ही आश्रमालाच फोन करणार ना? मग सेन्सर थेट आश्रमाच्या मावशीला सांगू दे, तुमच्याकडून फिरून कशाला. देखभालीवर शंका असेल तर महिन्यातून एकदा न कळवता या, कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसेल. जास्तच काही चुकतंय असं वाटलं तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे, १४५६७, मोफत आहे.

काका, नमस्कार. घड्याळ तुमच्या हातात आहे म्हणजे मर्जी पण तुमचीच. तुमचं डोकं शाबूत आहे, पत्रावरून दिसतंय, तेव्हा तुम्ही ‘नको’ म्हणालात तर नको. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याच्या मुळाशी तेच आहे, ज्याची माहिती त्याची संमती. लेकीची संमती म्हणजे तुमची संमती नाही.

पण लगेच काढून कचऱ्यात टाकू नका, तिला दोन गोष्टी सांगा. एक, ‘पडलो’ तेवढंच तुला कळू दे, बाकी झोप, पावलं, उठणं-बसणं तुझ्या मोबाईलवरून बंद कर. बहुतेक घड्याळांच्या ॲपमध्ये काय कोणाला दाखवायचं ते वेगवेगळं ठरवता येतं. दोन, चार्जिंग मी आंघोळीच्या वेळी करणार नाही. घड्याळ आंघोळीला काढलं जातं आणि माणूस आंघोळीलाच पडतो, हे ह्या घड्याळांचं सगळ्यात मोठं भोक आहे. पाण्यात चालणारं असेल तर घालूनच आंघोळ करा आणि चार्जिंगला संध्याकाळी टीव्हीसमोर लावा.

आता लहान भावासारखं बोलतो, रागावू नका. रात्री चार वेळा उठणं हे लेकीने विचारायला नको होतं पण डॉक्टरने विचारायला हवं. प्रोस्टेट असेल, साखर असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, किंवा पाणी सुटायची गोळी रात्री घेत असाल, ती सकाळी करता येते का विचारा. चार फेऱ्यांच्या दोन झाल्या तर अंधारात पडायचे चान्स निम्मे. हे डॉक्टरला तुम्हीच सांगा, घड्याळाला सांगू देऊ नका.

प्रश्न : आमच्या आजोबांना डिमेन्शिया आहे, संध्याकाळ झाली की ‘घरी जायचं’ म्हणून गेटबाहेर निघतात. एकदा थेट वर्धा रोडपर्यंत पायी गेले. होमवाले म्हणतात कुलूप लावतो.

कुलूप नको. आग लागली तर बाकीच्यांचं काय? गेटला मॅग्नेटवाला साधा सेन्सर लावा, दोन तुकडे असतात, एक दारावर एक चौकटीवर, लांब झाले की वाजतो, शटरला लावतात तोच. आवाज गेटवर नको, मावशीच्या खोलीत. खरं काम मात्र घड्याळ बघून करायचं आहे. दिवेलागणीला ह्या माणसांची बेचैनी वाढते हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, तर साडेपाचला वॉचमनने स्वतःहून आजोबांना घेऊन कंपाऊंडला दोन चकरा माराव्यात, ‘चला घरी’ म्हणायचं आणि फिरवून वापस आणायचं, तोवर आत दिवे लागलेले, चहा तयार. एका होमने गेटला आतून भिंतीचाच रंग दिला, गेट आहे हेच लक्षात येत नाही, तेही जमतं. जीपीएसचा बिल्ला घ्या पण तो शर्टाला नको, शर्ट धुवायला जातो, चपलेत किंवा कंबरपट्ट्यात. आणि खिशात आश्रमाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये. जीपीएसची बॅटरी संपते, चिठ्ठीची नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरात गॅस सेन्सर वर छताला लावला आहे, बरोबर आहे ना?

नाही, आजच काढून खाली लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो, सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. छतापर्यंत गॅस चढेपर्यंत सेन्सरला काही कळणार नाही. म्हाताऱ्यांचं नाक मंद झालेलं असतं, वास येईल ह्या भरवशावर राहू नका. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पण हे सेन्सर वाजतात, घाबरू नका पण एकदा बघून या. गळती वाटली तर १९०६.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर मात्र वेगळी गोष्ट, तिथला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, त्याचा सेन्सर वेगळा, आणि माणूस बसल्यावर त्याचं नाक जिथे येतं त्या उंचीला तो लावायचा. पण त्यापेक्षा गीझर बाहेर काढा. आणि हो, जानेवारीत आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म ‘ब’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरून घ्यावा लागतो महाराष्ट्रात, तेव्हा स्मोक डिटेक्टर खरंच धूर देऊन तपासा म्हणावं, सही करून जाऊ देऊ नका.

प्रश्न : आमचं होम नाग नदीजवळ, तळमजला. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा कॉटपर्यंत पाणी आलं होतं. पाण्याचा सेन्सर मिळतो का?

मिळतो आणि तुम्हाला माहीत पण आहे, टाकी भरली की बोलणारा जो अलार्म असतो ना गच्चीवर, तोच. त्याच्या दोन तारा टाकीत सोडण्याऐवजी अंगणात सगळ्यात खोलगट जागी, जमिनीपासून दोन बोटं वर, पाइपात घालून बसवा, म्हणजे झाडताना तुटणार नाहीत. घंटी आत मावशीजवळ, सेलवर चालणारी, कारण पाणी भरलं की महावितरण लाइट बंद करतेच आणि करायलाच हवी. आणखी एक जोडी रस्त्याकडच्या नालीच्या काठाला लावली तर अजून दहा-पंधरा मिनिटं मिळतात. सेल दरवर्षी मृगाच्या आधी बदला आणि एक बादली पाणी ओतून वाजतंय का पाहा. तळमजल्यावर कॉटवरून न उठणारी माणसं असतील तर त्यांना जूनमध्येच वर न्या, रात्री तीनला, अंधारात, पाण्यातून, जिन्यावरून एकट्या मावशीला ते होणार नाही, आणि लिफ्ट तर तेव्हा बंदच असेल.